व्याही, बायसन आणि तिसरा आग्रह

ऑटर बेंड गावात कोणी कोणाच्या घरी गेलं आणि यजमानाने कॉफी विचारली, तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘माझ्यासाठी उगाच त्रास नको’ असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘आता केलेलीच असेल तर अर्धा कप’ असं म्हणून दोन कप प्यायची. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या या गावात वाहतुकीच्या नियमांपेक्षा तो जास्त कसोशीने पाळतात. पहिल्याच आग्रहाला ‘हो’ म्हणणारा माणूस एकतर डॉक्टरने उपाशी ठेवलेला असतो, नाहीतर परगावचा.

व्हर्लिन हाउगस्टाड म्हणजे तर या शास्त्रातला दशग्रंथी. पेशाने तो गावच्या शाळेत भूमिती शिकवणारा मास्तर. मार्डेलला त्याने मागणी घातली तेव्हा ती रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणाली, आणि दुसऱ्यांदा विचारायचं धैर्य गोळा करायला त्याला दोन वर्षं लागली. तिसऱ्यांदा शेवटी मार्डेलनेच विचारून घेतलं, म्हणून संसार झाला.

अशा माणसाला फेब्रुवारीत न्यू जर्सीहून व्याह्यांचा फोन आला. व्हर्लिनची एकुलती एक लेक सिग्ने हिचं डॉमिनिक मार्किटेली या मुलाशी नुकतंच ठरलं होतं. डॉमिनिकचे वडील कारमाइन यांचा बाथरूमच्या फरशा बसवण्याचा धंदा होता, आणि ते साऱ्या जगाला अरे-तुरे करत.

“व्हर्लिन? कारमाइन बोलतोय. लग्न आमच्याकडे करू. मोठा हॉल आहे, तीनशे माणूस आरामात बसतंय. चालेल ना तुला?”

आता, व्हर्लिनने आयुष्यात फारशा इच्छा बाळगल्या नव्हत्या. एकच होती. त्याच्या घरापासून चर्च दोन गल्ल्यांवर. सिग्नेचा हात हातात घेऊन त्या दोन गल्ल्या चालत जायचं, शेजारीपाजारी दारात उभे असतील, आणि लग्न लागलं की चर्चच्या तळघरात बायकांनी केलेली कॉफी आणि हॅमची सँडविचेस. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून तो हे मनात घोळवत आला होता. तेव्हा कारमाइनचं बोलणं ऐकून त्याने आपल्या भात्यातला सर्वांत जहाल शब्द बाहेर काढला.

“हं,” तो म्हणाला. “ते वेगळंच होईल.”

ऑटर बेंडमध्ये ‘वेगळंच’ हा शब्द जपून वापरतात. एखादीच्या नव्या केशरचनेला कोणी ‘वेगळीच आहे’ म्हणालं, तर ती बाई केस वाढेपर्यंत टोपी घालून फिरते. पण न्यू जर्सीत ही शिवी पोचत नाही. कारमाइन म्हणाले, “झकास,” आणि फोन ठेवून मोकळे झाले. व्हर्लिन मात्र फोन कानाला लावून उभाच राहिला. तो दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होता.

“कोण होतं?” मार्डेलने विचारलं.

“व्याही. ते परत विचारतीलच.”

मार्च गेला, एप्रिल गेला, तळ्यावरचा बर्फ वितळून लोक होड्या रंगवायला लागले, तरी व्याह्यांनी काही परत विचारलं नाही. उलट हॉल ठरल्याची बातमी आली. मग एके दिवशी सिग्नेच घरी येऊन बसली.

“बाबा, मला लग्न इथेच करायचंय. पण तू त्यांना हो म्हणून बसलास.”

“मी कुठे हो म्हणालो? मी वेगळंच म्हणालो.”

“त्यांच्याकडे तो होच असतो. डॉमिनिकला मी सांगितलं, तर तो म्हणतो, माझ्या बाबांनी तुझ्या बाबांना सरळ विचारलं होतं, आता मी मध्ये पडलो तर घरात भांडण होईल. जूनमध्ये त्याचे आई-बाबा येतायत. परत गेले की सोमवारी आमंत्रणं छापायला जाणार. तोवर तू सांग. मी तोंड उघडलं तर सून येण्याआधीच भांडली असं होईल.”

“सांगतो की,” व्हर्लिन म्हणाला. “विषय निघाला की सांगतो.”

सिग्नेने बापाकडे फक्त पाहिलं. त्या नजरेत भरवसा नव्हता, आणि ते व्हर्लिनला लागलं.

विषय निघावा कसा, यावर गावात खल झाला. म्हणजे व्हर्लिन कोणाला काही बोलला नव्हता, पण मार्डेल बोलली होती, आणि ते पुरेसं असतं. उंटावरच्या शहाण्यांना कुठेच तोटा नाही. कोणी म्हणालं, व्याह्यांना मासे धरायला ने, होडीत माणूस मन मोकळं करतो. कोणी म्हणालं, चर्चच्या तळघरातच जेवायला घाल, त्यांचं त्यांना कळेल. शेजारचा ड्वेन प्रिबिल मात्र कुंपणावर कोपर टेकून मोठ्या अधिकाराने म्हणाला, “सफारी पार्कला घेऊन जा. सगळी माणसं एका गाडीत, तीनेक तास, दारं उघडायची परवानगी नाही. बोलण्यावाचून गत्यंतरच राहत नाही. माझी नवी गाडी ने.”

“नको, नको,” व्हर्लिन म्हणाला.

“ने की.”

“उगाच तुझी गाडी कशाला खराब.”

“अरे, ने म्हणतो ना.”

“बरं, दारात नुसतीच उभी असेल तर नेतो,” व्हर्लिन म्हणाला. नियमाप्रमाणे सगळं पार पडल्यामुळे दोघांनाही बरं वाटलं.

तर जूनमध्ये व्याही-विहीण आले, आणि शनिवारी चौघं निघाले. सिग्ने आणि डॉमिनिक मुद्दाम मागे राहिले, मोठ्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून. गाडी चालवायला डाव्या सीटवर व्हर्लिन, अंगात चर्चला घालायचा कोट. शेजारी कारमाइन. मागे मार्डेल आणि विहीणबाई लॉरेन, आणि दोघींच्या मध्ये हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं, मोठं काचेचं भांडं, वर चंदेरी कागद. ते दुपारी पार्कातल्या बाकांवर बसून खायचं होतं. इथे हॉटडिशशिवाय कोणी कोणाला काही महत्त्वाचं सांगत नाही.

फाटकावरच्या बाईने नियम सांगितले. गाडी हळू चालवायची. हॉर्न वाजवायचा नाही. जनावर आधी, गाडी नंतर. आणि रेडिओवर अमुक स्टेशन लावलं की प्राण्यांची माहिती ऐकू येईल. प्राण्यांच्या खाद्याचे पेले किती हवेत ते तिने विचारण्याआधीच कारमाइननी अर्धा डझन उचलले.

सुरुवात चांगली झाली. झेब्रे आले. कारमाइननी त्यांच्या पट्ट्यांची बारकाईने पाहणी केली आणि म्हणाले, “काम चांगलंय. पण पायाजवळ सांधे जुळलेले नाहीत. माझ्या माणसाने अशी फरशी लावली असती तर उखडायला लावली असती.” शहामृग आलं. ते गाडीच्या काचेतून एकेकाला इतकं निरखून गेलं की व्हर्लिनला शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची आठवण झाली. गेंडा तळ्याच्या पलीकडे होता आणि त्याने साऱ्या पाहुण्यांकडे पाठ केली होती. “एवढ्या लांबून आलो आणि हे दाखवतोय,” कारमाइन म्हणाले. वाघाच्या कुंपणापाशी वाघ दिसला नाही. वाघ कसा ओळखावा हे सांगणारी पाटी मात्र दिसली. लॉरेनबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, “हे वर्णन आमच्या नणंदेला लागू पडतं.”

व्हर्लिनचा अभिप्राय प्रत्येक जनावराबद्दल एकच होता. “तसं वाईट नाही.” ऑटर बेंडमध्ये याच्यावर स्तुती नाही. मार्डेलच्या बाळंतपणानंतर सिग्नेला पहिल्यांदा पाहून तो हेच म्हणाला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कारमाइनना मात्र वाटायला लागलं की याला प्राणी आवडत नाहीत.

“तुला नको होतं का यायला इथे?”

“नाही, नाही. फारच छान चाललंय,” असं म्हणायच्या ऐवजी व्हर्लिन म्हणाला, “ठीक आहे की.” तेवढ्यात रेडिओतली माहिती गाडीच्या पुढे निघून गेली, कारण शहामृगापाशी बराच वेळ गेला होता. रेडिओ म्हणाला, “आता डावीकडे पाहा. हा प्राणी अतिशय शांत असतो. धोका दिसला तरी तो जागचा हलत नाही.” कारमाइननी डावीकडे पाहिलं. डावीकडे व्हर्लिन बसला होता.

असे हसत-खेळत ते माळावर आले आणि तिथे रस्त्याच्या मधोमध एक बायसन उभा होता.

बायसन हे जनावर समोरून बघितलं की त्याच्या मागे आणखी काही असेल अशी शंकाच येत नाही, एवढं त्याचं डोकं. व्हर्लिनने गाडी थांबवली आणि सवयीप्रमाणे हाताने खूण केली, आधी तुम्ही जा. चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या की इथे असंच करतात. बायसनने त्याच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि तिथेच खाली बसला.

“हॉर्न मार,” कारमाइन म्हणाले.

“मना आहे. आणि बरंही दिसत नाही.”

मागे गाड्या लागायला लागल्या. सगळ्या मिनेसोटाच्या. कोणी हूं की चूं केलं नाही. आरशात पाहिलं की मागचा ड्रायव्हर हात हलवी, काही घाई नाही. व्हर्लिनही हात हलवी, माफ करा. मग त्याच्या मागचा त्याला हात हलवी. सगळी रांग एकमेकांची क्षमा मागत उन्हात उभी राहिली.

बऱ्याच वेळाने पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेली पार्कची जीप बाजूने आली. आत टोपी घातलेली एक बाई. नुकतीच टेक्सासहून नोकरीला आली होती, असं नंतर कळलं. तिने काच खाली केली.

“काका, मदत हवी आहे का?”

“नाही, नाही,” व्हर्लिन हसून म्हणाला. “आमचं ठीक चाललंय.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जीप निघून गेली.



“तू नाही का म्हणालास?” कारमाइननी विचारलं.

“ती परत विचारेल की.”

“ती गेली, व्हर्लिन. ती बघ टेकडीपलीकडे गेली.”

व्हर्लिनला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मार्डेलने तिकिटावरचा मदतीचा फोन नंबर पुढे केला. तिकडून बाईने विचारलं, “आणीबाणी आहे का?” समोर गाडीएवढं जनावर, मागे मैलभर गाड्या, शेजारी व्याही. व्हर्लिन म्हणाला, “तशी अगदी आणीबाणी म्हणता येणार नाही.” तेव्हा तिने त्याचा फोन भेटवस्तूंच्या दुकानाला जोडून दिला. दुकानदाराने कापडी बायसन संपल्याचं सांगितलं. “हरकत नाही,” व्हर्लिन म्हणाला, आणि त्याचे आभार मानून फोन ठेवला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. व्हर्लिनच्या घरी ती सख्खी बहीण म्हणूनच राहत असे.

या गडबडीत लॉरेनबाईंच्या बाजूला एक उंट येऊन उभा होता, आणि त्यांनी खाद्य घालावं म्हणून काच खाली केली होती. उंटाने पेलाभर खाद्य खाल्लं, आणि मग मान आत घातली. सबंध घातली. आधी त्याने दोघींची तोंडं हुंगली, मग दातांनी चंदेरी कागद बाजूला केला आणि हॉटडिश खायला सुरुवात केली.

“ते आमच्या दुपारसाठी होतं,” मार्डेल त्याला म्हणाली. रागावली की ती एवढंच म्हणते.

“पापण्या किती सुंदर आहेत याच्या,” लॉरेनबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर बटाट्याचे गोळे सांडत होते.

“तुम्हाला त्रास नाही ना होत?” व्हर्लिनने काळजीने विचारलं.

“होतोय,” लॉरेनबाई म्हणाल्या. “माझा पाय चेंगरलाय.”

व्हर्लिनने मागे वळून उंटाला हळूच ढकललं. उंटाने भांडं चाटून पुसून संपवलं, मान वर केली आणि व्हर्लिनच्या चर्चच्या कोटावर, कॉलरपासून खिशापर्यंत, जोरात शिंकला. मग आला तसा शांतपणे गेला.

“बघ,” कारमाइन म्हणाले, “त्याला कोणी आग्रह केला नव्हता. तरी पोटभर जेवला.”

बोलता बोलता ते थांबले. काही तरी त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. ते सीटवर वळून बसले.

“व्हर्लिन, ती जीपवाली परत विचारेल असं तुला का वाटलं?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगावर उंटाची शिंक घेऊन बसलेल्या माणसाला कसली आलीय प्रतिष्ठा. व्हर्लिनने कोट पुसत पुसत तिन्ही आग्रहांचं शास्त्र सांगितलं, कॉफीपासून सगळं. कारमाइन ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

“म्हणजे पहिल्या वेळी जे बोलता ते खरं नसतं.”

“खोटं नसतं. पण शेवटचं नसतं.”

“फेब्रुवारीत मी हॉलचं विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास?”

“वेगळंच होईल म्हणालो.”

“म्हणजे काय?”

व्हर्लिन पुन्हा कोट पुसायला लागला. मागून मार्डेल म्हणाली, “ते सांगायला त्याला चार महिने झाले, अजून जमलं नाहीये.”

कारमाइननी दोन्ही हात डोक्याला लावले. मग एक बोट वर करून ते हळू आवाजात, शाळेत नाव घालायला आल्यासारखे म्हणाले, “व्हर्लिन, तुला लग्न इथे हवंय का?”

“नाही, नाही,” व्हर्लिनच्या तोंडून गेलंच. “तुमचं सगळं ठरलंय.”

“हे एक झालं,” कारमाइन म्हणाले आणि दुसरं बोट वर केलं. “इथे हवंय का?”

“उगाच तुम्हाला त्रास कशाला.”  आता एकच राहिलं होतं.  कारमाइननी तिसरं बोट उचललं, आणि नेमका त्याच वेळी बायसन उठला.

ते उठणं साधं नव्हतं. आधी मागचा भाग, मग पुढचा, मग सगळ्या अंगाची धूळ झाडणं. “हे बघ, हे बघ,” म्हणत कारमाइननी तिसरं बोट फोनवर ठेवलं आणि फोटो काढायला लागले. लॉरेनबाईही वाकल्या. बायसन माळावर चालता झाला, रस्ता मोकळा झाला, आणि मागे इतकी माणसं ताटकळली आहेत म्हणून व्हर्लिनने घाईघाईने गाडी सुरू केली. कारमाइन फोटो बघत होते. एकात फक्त शेपटी आली होती. ती मोठी करून दाखवण्यात ते गढून गेले.

व्हर्लिन वाट बघत राहिला. वळण गेलं. हरणं गेली, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. रेडिओ केव्हाच सगळे प्राणी संपवून पुन्हा भेट द्या म्हणत होता. पुढे ‘बाहेर जाण्याचा रस्ता’ अशी पाटी दिसली आणि व्हर्लिनच्या लक्षात आलं की आता कोणी विचारणार नाही. दारं उघडतील, सगळे उतरतील, सोमवार येईल, आणि सिग्ने त्याला काही म्हणणारसुद्धा नाही. ती समजून घेईल. ते समजून घेणंच त्याला सहन होणार नव्हतं.

त्याने भर रस्त्यात गाडी थांबवली.

“आता काय आलं आडवं?” कारमाइननी विचारलं.

“काही नाही. कारमाइन, मला लग्न ऑटर बेंडमध्ये हवंय. माझ्या घरापासून चर्च दोन गल्ल्यांवर आहे. मला तिला चालत न्यायचंय. ती एवढीशी होती तेव्हापासून मी याची वाट बघतोय. तुमचा हॉल मला नको आहे. मला तो पहिल्यापासून नको होता.” एवढं बोलून तो समोर बघत राहिला. आयुष्यात कोणी न विचारता तो इतकी वाक्यं एका दमात कधी बोलला नव्हता. मार्डेलने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, शिंकेसकट.

“मी तीनशे लोकांना सांगून बसलोय,” कारमाइन म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“तुमच्या त्या चर्चमध्ये किती मावतात?”

“दाटीवाटीने बसले तर शंभर.”

कारमाइननी गाल फुगवून श्वास सोडला. मग मागून लॉरेनबाई म्हणाल्या, “तुझ्या भावापासून नावं कापायला घे. आणि मला त्या हॉलबद्दल कोणी एकदासुद्धा विचारलं नव्हतं.”

“तुला हॉल नको होता?”

“नको होता. दोन्ही मुलींची लग्नं तिथे झाली. दोन्ही वेळा मी नवरीशी चार शब्द बोलले नाही, लोकांना खुर्च्या दाखवत फिरले.”

व्हर्लिनने आरशातून विहीणबाईंकडे आदराने पाहिलं. इतका सरळ ‘नको’ त्याने घरच्या माणसाकडून कधी ऐकला नव्हता. कारमाइननी मागे वळून बायकोकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, आधी थोडं, आणि मग असं की गाडी हलायला लागली.

“बरं, बाबा,” ते म्हणाले. “इथे करू. पण परत माझ्याशी वेगळंच वगैरे बोललास तर तुझ्या न्हाणीघरात मी अशी फरशी लावीन की जन्मभर घसरशील.”

“लावा की,” व्हर्लिन म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. इतका हलका तो कधी झाला नव्हता. मागे गाड्यांची रांग परत लागली होती, आणि अर्थातच कोणी हॉर्न वाजवला नव्हता.

घरी पोचले तेव्हा सिग्ने पायऱ्यांवर बसली होती. कारमाइन उतरल्या उतरल्या डॉमिनिकला हाका मारत आत गेले, कोणाकोणाची नावं कापायची त्याची चर्चा लगेच सुरू झाली, आणि ती ऐकून सिग्नेने काय ते ओळखलं. पण तिला खात्री वाटेना. ती वडिलांजवळ आली.

“त्यांनी विचारलं तुला?”

“विचारलं.”

“किती वेळा?”

“दोनदा,” व्हर्लिन म्हणाला.

सिग्नेला तिसऱ्याचा हिशोब करायला वेळ लागला. मग ती पुढे झाली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

“बाबा, तुला कसला तरी भयंकर वास येतोय,” ती त्याच्या कोटात तोंड खुपसून म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.